घडीच्या चाकूतली उसनवारी

टॅक्टिकल फोल्डर हा घडीचा चाकू तीन गुणांवरून ओळखला जातो. तो एका हाताने उघडतो, उघडल्यावर त्याचे पाते खटक्याने पक्के अडकते आणि मुठीवरच्या क्लिपमुळे तो खिशाच्या काठाला लावून ठेवता येतो. सैनिक, पोलीस आणि अग्निशमन दलातली माणसे डोळ्यांपुढे ठेवून अमेरिकेत १९८० आणि १९९० च्या दशकांत तो घडत गेला. आज त्याचे बहुतेक मालक साधे नागरिक आहेत. ते त्याने खोकी फोडतात, दोर कापतात, सफरचंद चिरतात. महागड्या गटातल्या चाकूला काही शे डॉलर पडतात. एवढे पैसे मोजणारा माणूस साहजिकच विचारतो, की यातले या कारखान्याचे स्वतःचे किती आणि दुसऱ्याकडून उचललेले किती.

या प्रश्नाचे उत्तर प्रदर्शनातल्या टेबलावर मिळत नाही. तिथे नवा कोरा चाकू कुणाचाही असो, तो लोण्यासारखा उघडतो. उत्तर मिळते ते धार लावण्याच्या आणि दुरुस्तीच्या बाकावर. वर्ष-दोन वर्षे वापरलेला चाकू तिथे खिशातला धागादोरा, घाम आणि पुठ्ठ्याची भुकटी घेऊन येतो. कारागीर स्क्रू सोडवतो आणि पाते, वॉशर, पिव्होट (पाते जिच्याभोवती फिरते ती खीळ), स्टॉप पिन (उघडलेले पाते अडवणारी खुंटी), खटक्याची पट्टी असे भाग ओळीने मांडतो. मग दिसू लागते, की कोणता भाग समजून घेतला आहे आणि कोणता फक्त दिसण्यासाठी बसवला आहे. वर्षानुवर्षे हे काम केल्यावर कारागिराचे एक मत पक्के होते. उसनवारी हा या क्षेत्राचा कलंक नाही, पाया आहे. बिघडते ते दोन प्रकारे. एक, घेतलेली गोष्ट मुळात कशासाठी होती हे न समजता ती घेतली जाते. दुसरे, जिच्याकडून घेतली त्या व्यक्तीचे नाव लपवले जाते.

सगळ्यांत जास्त उसना घेतलेला भाग म्हणजे खटका. मुठीच्या आतल्या दोन पातळ पत्र्यांना लायनर म्हणतात. त्यातला एक लांबीत चिरून आत वाकवला, की पाते उघडताच तो सरकून पात्याच्या बुडाला टेकतो आणि पाते मिटू देत नाही. या लायनर लॉकची मूळ कल्पना १९०६ सालच्या एका अमेरिकी पेटंटात आढळते. विजेच्या तारांवर काम करणाऱ्यांच्या चाकूंत ती नंतरही दीर्घकाळ वापरात राहिली. मात्र त्या चाकूंत पाते मिटलेले ठेवायला पाठीला जाड स्प्रिंग लागायची, आणि ती असेपर्यंत एका हाताने उघडणे अवघडच होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मायकेल वॉकर या कारागिराने खटक्याच्या पट्टीतच एक बारीक गोळी बसवली. पाते मिटले की ती गोळी पात्यावरच्या खळगीत बसते आणि पात्याला धरून ठेवते. पाठीची स्प्रिंग गेली, स्टॉप पिन आली, आणि अंगठ्याच्या एका ढकलीने पाते उघडू लागले. वॉकर यांनी या रचनेचे पेटंट घेतले नाही, फक्त नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंद केली. त्यामुळे रचना सगळ्यांना खुली राहिली. दुसरे कारागीर बॉब टेर्झुओला यांनी तिच्यावर आपले फोल्डर उभे केले आणि टॅक्टिकल फोल्डर या प्रकाराची ओळख त्यांच्या कामातून पक्की झाली.

पुढची पायरी चाकू बनवणारे क्रिस रीव्ह यांची. ते १९८९ साली दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या बॉइझी शहरात आले. पुढच्या एक-दोन वर्षांत त्यांचा सेबेन्झा हा चाकू बाजारात आला. वॉकर यांच्या खटक्याचे तत्त्व त्यांनी तसेच ठेवले, पण पातळ लायनर काढून टाकला आणि टायटॅनियमच्या जाड मुठीचीच एक बाजू चिरून तिला खटका बनवले. याला फ्रेम लॉक म्हणतात. इथे उसनवारीचा उत्तम नमुना दिसतो. चाकू हातात घट्ट धरला, की बोटे त्याच पट्टीवर येतात, म्हणजे पकड जितकी घट्ट तितका खटका घट्ट. लायनर लॉकमध्ये हा गुण नव्हता. रीव्ह यांनी एक कल्पना घेतली आणि तिच्या दुबळ्या जागेवर काम केले.

या रचनेला स्वतःची एक अडचण आहे, आणि ती बाकावर रोज भेटते. टायटॅनियम पोलादाच्या मानाने मऊ असते आणि कठीण पोलादावर घासले की त्याला चिकटते. काही दिवस वापरल्यावर चाकू मिटताना अडतो, अंगठ्याला जोर लावावा लागतो. एक ग्राहक असा चाकू घेऊन आला, तेव्हा खटक्याचे तोंड पेन्सिलीच्या शिशाने काळे केलेले होते. हा उपाय बरेच मालक करतात. त्याने काही दिवस बरे वाटते, पण दुखणे कोनात असते. पात्याच्या बुडाचा तिरपा कोन आणि खटक्याच्या तोंडाचा कोन एकमेकांना बरोबर जुळले पाहिजेत. कोन फार उभा असेल तर खटका अडतो, फार तिरपा असेल तर घसरतो, आणि घसरलेला खटका बोट कापतो. चांगले कारखाने खटक्याचे तोंड तापवून किंवा कार्बाइडचा थर देऊन कठीण करतात. काहींनी तिथे पोलादाचा वेगळा तुकडा स्क्रूने बसवला. तो झिजला की बदलता येतो, आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे. रीव्ह यांच्या कारखान्याने उम्नुम्झान या चाकूपासून खटक्याच्या तोंडाशी सिरॅमिकची गोळी बसवली आणि सेबेन्झा ३१ मध्येही तीच आणली. एकच गोळी पाते मिटलेले धरते आणि उघडल्यावर पोलादाला टेकते. टायटॅनियम पोलादाला लागतच नाही, त्यामुळे चिकटण्याचा प्रश्न मुळातून सुटतो.

फ्रेम लॉकला आणखी एक खोड आहे. मिटताना माणूस पट्टी बाजूला ढकलतो, आणि घाईत ती गरजेपेक्षा जास्त बाहेर जाते. असे पुन्हा पुन्हा झाले की पट्टीचा ताण मरतो. ओहायो राज्यातले रिक हिंडरर यांनी यावर उपाय काढला. ते स्वतः अग्निशमन दलात काम केलेले. त्यांनी पट्टीवर स्क्रूने एक गोल चकती बसवली. तिची कड शेजारच्या मुठीखाली जाते, म्हणून पट्टी ठरावीक अंतरापलीकडे बाहेर येऊ शकत नाही. हातमोजे घातलेला माणूस अंधारात चाकू मिटतो तेव्हा तो पट्टी किती ढकलतो याचे भान त्याला राहत नाही. ही चकती त्या अनुभवातून आलेली दिसते. दुसऱ्या कारखान्यांनी ती परवाना घेऊन वापरली आणि तिथेही ती नीट काम करते.

याच चकतीमुळे उसनवारीकडे पाहण्याची कारागिराची दृष्टी बदलते. एकदा बाकावर एक चाकू आला, दिसायला देखणा, चकती अगदी ठसठशीत. तक्रार अशी, की पाते मिटलेले राहतच नाही, खिशात आपोआप उघडते. सोडवून पाहिला तर चकतीची कड मुठीपर्यंत पोहोचतच नव्हती. ती फक्त शोभेला लावली होती. पट्टी ढकलून ढकलून बाहेर गेली होती, तिच्यातली गोळी खळगीवर दाबच देत नव्हती. शिवाय पट्टी वाकवण्यासाठी मागे जी खाच कोरतात ती इतकी खोल होती, की तिथे धातू जेमतेम उरला होता. पट्टी हाताने वाकवून ताण परत आणता येतो, पण अशा पातळ खाचेवर ती वाकवणे म्हणजे तुटण्याला आमंत्रण. मालकाला चाकू दुरुस्त न करताच परत द्यावा लागला. त्या दिवसापासून चाकूला कोणती वैशिष्ट्ये आहेत हा प्रश्न मागे पडतो आणि प्रत्येक वैशिष्ट्य आपले काम करते का हा पुढे येतो.

कुणाचे घेतले आणि कशा रीतीने घेतले, याची तीन मोठी उदाहरणे या क्षेत्रात आहेत, आणि तिन्हींची वाट वेगळी आहे.

पहिले उदाहरण गोल भोकाचे. कोलोरॅडो राज्यातल्या गोल्डन गावच्या स्पायडरको कंपनीने १९८१ साली वर्कर नावाचा चाकू काढला. त्याच्या पात्याला एक गोल भोक होते, आणि मुठीला क्लिप. भोकात अंगठा रुतवून पाते उघडायचे. भोकाला तुटण्यासारखा किंवा सैल होण्यासारखा भागच नाही, आणि डावखुऱ्यालाही ते तितकेच चालते. कंपनीचे सॅल ग्लेसर यांच्या या कल्पनेचे पेटंट कालांतराने संपले, पण गोल भोक हे कंपनीचे व्यापारचिन्ह म्हणून राहिले. ओरेगॉन राज्यातल्या बेंचमेड कंपनीने एके काळी रीतसर परवाना घेऊन आपल्या काही चाकूंना तेच भोक ठेवले होते. इतरांनी लंबगोल भोक पाडले, लांबट खाच केली. बाकावर दोन्ही प्रकार सारखेच टिकतात, पण थंडीने बधिर झालेल्या अंगठ्याला गोल भोकाची कड चांगली सापडते. क्लिपचे मात्र कुणी नावच घेत नाही. चाकू खिशाच्या तळाशी पडून राहण्याऐवजी काठाला उभा राहिला, हा या प्रकारातला सर्वांत मोठा बदल, आणि आज क्लिप नसलेला टॅक्टिकल चाकू शोधून सापडत नाही.

दुसरे उदाहरण अॅक्सिस लॉकचे. बिल मॅकहेन्री आणि जेसन विल्यम्स यांनी शोधलेला हा खटका बेंचमेडनेच १९९८ साली ७१० या चाकूत आणला. मुठीच्या आरपार जाणारी पोलादी दांडी, आणि तिला पुढे रेटणाऱ्या दोन बारीक तारेच्या स्प्रिंगा. दांडी पात्याचे बूड आणि स्टॉप पिन यांच्यामध्ये पाचरीसारखी बसते. मिटताना बोट पात्याच्या वाटेत येत नाही, आणि खटका दोन्ही हातांना सारखा चालतो. पेटंट असेपर्यंत अमेरिकेत तो प्रामुख्याने एका कंपनीचा राहिला, परदेशात मात्र त्याची नक्कल मुदत संपण्याआधीच सुरू झाली होती. २०१८ नंतर मुदत संपली आणि आडव्या दांडीचे खटके अनेक कारखान्यांनी वेगवेगळ्या नावांनी काढले.

हा बदल दुरुस्तीच्या बाकावर स्पष्ट दिसतो. या खटक्याचा दुबळा भाग म्हणजे त्या तारेच्या स्प्रिंगा. वर्षानुवर्षे वाकून त्यातली एखादी तुटते. दुसरी काम चालवून नेते, म्हणून मालकाला कित्येकदा पत्ताच नसतो. चाकू साफ करायला उघडला की तुटका तुकडा खाली पडतो. पेटंट संपल्यावर ज्यांनी ही रचना घेतली त्यांतल्या काहींनी तार बदलली, काहींनी वेटोळी स्प्रिंग वापरून पाहिली. बाकीच्यांनी दांडी, तार, आकार सगळे जसेच्या तसे उचलले आणि दुबळी जागाही सोबत घेतली. पेटंट संपल्यावर घेणे पूर्णपणे न्याय्य आहे. वीस वर्षांची मुदत त्यासाठीच असते. पण वीस वर्षे डोळ्यांसमोर असलेली उणीवही तशीच ठेवली, तर त्या घेण्यात काही कष्ट घेतले असे म्हणता येत नाही.

तिसरे उदाहरण अमेरिकी चाकूकार अर्नेस्ट इमर्सन यांच्या वेव्हचे. पात्याच्या पाठीवर पुढे वळलेला एक आकडा. मुळात तो समोरच्याचे पाते अडवण्यासाठी होता. चाकू खिशातून ओढताना आकडा खिशाच्या कडेला अडकतो आणि पाते बाहेर येता येताच उघडते, हे नंतर लक्षात आले आणि तीच त्याची ओळख झाली. इमर्सन यांनी पेटंट घेतले आणि स्पायडरको, कर्शॉ यांच्यासारख्या कंपन्यांना परवाने दिले. त्या चाकूंवर त्यांचे नाव ठळकपणे असते. देण्याघेण्याची ही रीत सगळ्यांत स्वच्छ. असा चाकू न परवडणाऱ्या मालकांनी घरीच युक्ती केली. पात्याच्या भोकातून प्लॅस्टिकचा झिप टाय ओवायचा आणि त्याची गाठ आकड्यासारखी वापरायची. ती चालते. पण असे चाकू बाकावर येतात तेव्हा खिशाबरोबर आणखी काहीतरी झिजलेले असते. दर वेळी पाते जोरात जाऊन स्टॉप पिनवर आपटते, पिन चेपली जाते, आणि खटका हळूहळू पलीकडच्या बाजूला सरकत जातो. वेव्हसाठी बनवलेल्या चाकूत ही पिन जाड असावी लागते. एक वैशिष्ट्य घेतले की त्याला पेलणारी बाकीची रचनाही घ्यावी लागते.

या तिन्हींखेरीज झटक्यात उघडण्याची आणखी एक युक्ती आहे. पात्याच्या बुडाला बाहेर डोकावणारा कान, म्हणजे फ्लिपर, कारागीर किट कार्सन यांच्या एम १६ चाकूमुळे घरोघर पोहोचला. मिटलेला असताना तो उघडण्याची कळ असतो आणि उघडल्यावर बोटांसमोरचा अडसर. अमेरिकेत १९५८ सालच्या संघीय कायद्याने स्प्रिंगने आपोआप उघडणाऱ्या चाकूंच्या व्यापारावर बंधने आणली, आणि हाताने पण झटक्यात उघडणाऱ्या सगळ्या युक्त्यांना त्यामुळे बळ मिळाले, हेही इथे नोंदवायला हवे. फ्लिपर झरकन फिरावा म्हणून पिव्होटभोवती बॉल बेअरिंग आले. ब्राझीलचे फ्लाविओ इकोमा आणि त्यांच्या सहकाऱ्याने ती पद्धत चाकूंसाठी रुळवली. आज बेअरिंग नसलेला महागडा चाकू जुनाट मानला जातो, आणि कारागिराला ही समजूत मान्य नाही. बेअरिंगच्या गोळ्या थेट टायटॅनियमवर फिरत असतील तर त्या मऊ धातूत गोल चर पडतो. चांगल्या चाकूत त्यांच्याखाली कठीण पोलादाची चकती असते. वाळू, सिमेंट, शेतातली माती यांच्यात काम करणाऱ्याला फॉस्फर ब्राँझचे साधे वॉशरच बरे. त्यांच्यात कण गेला तर तो पुसून निघतो. एका बांधकाम मजुराचा बेअरिंगवाला चाकू वरचेवर साफसफाईला यायचा. शेवटी त्याने ब्राँझ वॉशरचा चाकू घेतला आणि त्याच्या खेपा थांबल्या.

पात्याच्या आकारात उसनवारी सर्वांत जुनी, आणि तिची चर्चा सर्वांत कमी. अमेरिकी टांटोचे टोक कोनात तोडलेले असते, दोन सरळ धारा एका टोकदार कोपऱ्याशी मिळतात. नाव जपानी आखूड शस्त्राचे, पण जुन्या जपानी टांटोला असा कोपरा सहसा नसतो. हा आकार १९८० च्या दशकात अमेरिकेत घडला. कोल्ड स्टील कंपनीने तो घरोघर नेला, बॉब लम यांच्यासारख्या कारागिरांनी त्याला देखणेपण दिले. करांबितचे तसेच. वाघनखासारखे वळलेले हे पाते सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांचे, शेतीच्या अवजारातून आलेले. अमेरिकी कारखान्यांनी त्याची घडी केली, बोटाची कडी ठेवली. फिलिपिन्सच्या बातांगास प्रांतातल्या बालिसाँगचा बेंचमेडशी तर जन्माचा संबंध आहे. ती कंपनी ज्या उद्योगातून उभी राहिली त्याचे नावच बाली-साँग होते. या सगळ्या आकारांना पेटंट नव्हते, परवाना मागायला कुणी नव्हते. एका कारागिराने दुसऱ्याची चकती घेतली की चाकूप्रेमी तावातावाने भांडतात. अख्ख्या समाजाचे पाते घेतले की कुणी विचारत नाही. निर्मात्याने निदान कुठले आहे ते नावानिशी सांगावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

छिन्नीसारख्या एकतर्फी धारेचा वाद याच्या शेजारचा. पात्याची एक बाजू सपाट, दुसरीच फक्त उतरती. जपानी स्वयंपाकघरातल्या उजव्या हाताच्या सुऱ्यांत उतार उजव्या अंगाला असतो. त्यामुळे काप सरळ जातो आणि कापलेला तुकडा पात्यापासून सुटतो. कारागीर फिल हार्ट्सफील्ड यांनी अमेरिकेत ही धार वापरली आणि इमर्सन यांनी ती घडीच्या चाकूत रूढ केली, पण उतार डाव्या अंगाला ठेवून. उजव्या हाताच्या माणसाने जाड पुठ्ठा कापला की पाते आत ओढले जाते. अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांना वाटते की धार वाकडी लागली आहे. धार सरळच असते, उतार उलट बाजूला असतो. या धारेचा एक गुण खरा आहे. ती लावायला अगदी सोपी, एकच बाजू घासायची आणि दुसरीकडची कणी हलकेच काढायची. रानात, कामाच्या मध्यावर, एका दगडावर ती पाच मिनिटांत लागते. कापण्याची सरळता जास्त हवी त्याने ती घेऊ नये.

पोलादाची गोष्ट वेगळी, कारण तिथे उसनवारी उघड आणि सन्मानाची आहे. आधी चाकूवाले दुसऱ्या उद्योगांचे पोलाद घ्यायचे. १५४सीएम आणि एटीएस-३४ ही पोलादे कारागीर बॉब लव्हलेस यांनी चाकूंत आणली, तेव्हा ती मिश्रणे चाकूंसाठी बनलेली नव्हती. २००१ च्या सुमारास क्रूसिबल कंपनीने एस३०व्ही काढले, ते चाकूंसाठीच, आणि त्याची जडणघडण ठरवताना रीव्ह यांच्यासारख्या कारागिरांचे मत घेतले. २०२१ साली धातुतज्ज्ञ लॅरिन थॉमस यांचे मॅग्नाकट हे पोलाद आले. त्यात गंज रोखणारे क्रोमियम आहे, पण भरड क्रोमियम कार्बाइड तयार होऊ दिलेले नाहीत. त्यामुळे ते सहज गंजतही नाही आणि त्याच्या धारेचे तुकडेही सहज उडत नाहीत. आज अनेक महागड्या निर्मात्यांकडे ते आहे, आणि ते थॉमस यांचे नाव घेतात.

तरी दगडावर एकाच पोलादाचे दोन चाकू वेगळे लागतात. फरक पाणी देण्यात असतो. एकाने तापमान आणि थंड करण्याचा वेग नेमका साधलेला असतो, दुसऱ्याने घाई केलेली असते. व्हॅनेडियमचे कार्बाइड साध्या अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षा कठीण असतात. म्हणून या पोलादांना हिऱ्याचा दगड लागतो, नाहीतर धार चकचकीत दिसते आणि कापत नाही. फिरत्या पट्ट्यावर धार लावणाऱ्याने पाण्याशिवाय जोर दिला तर धारेची बारीक कड तापून तिचे पाणी उतरते. असे चाकू ओळखता येतात. धार लावून दिली की आठवड्यात परत येतात, आणि दोन-तीनदा घासून तो भाजलेला भाग गेला की टिकू लागतात.

सर्वांत महत्त्वाचे माप कुणाच्या जाहिरातीत नसते, ते म्हणजे धारेच्या लगेच मागची जाडी. अर्धा मिलिमीटर असेल तर चाकू पुठ्ठ्यातून सहज जातो, एक मिलिमीटरकडे गेली की पुठ्ठा फाटतो, कापला जात नाही. दणकट दिसावे म्हणून टॅक्टिकल चाकू इथे जाड ठेवण्याची रीत पडली, आणि एकाचे पाहून दुसऱ्याने ती उचलली. ज्याला दरवाजा उचकटायचा आहे त्याला जाडी हवी. खोकी फोडणाऱ्याला नको. बाकावरचे निम्मे समाधान हे पाते मागून पातळ करून दिल्याचे असते. मालक म्हणतो, नवा चाकू मिळाल्यासारखे वाटते.

राहिला नकलेचा प्रश्न. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातले यांगजियांग हे चाकूंचे शहर. तिथून दोन गोष्टी येतात आणि लोक त्या एकच समजतात. एक, प्रसिद्ध चाकूंच्या हुबेहूब प्रती, शिक्का आणि खोक्यासकट. दुसरी, तिथल्याच काही कारखान्यांचे स्वतःच्या नावाचे, अमेरिकी आणि इतर आरेखकांना मानधन देऊन बनवलेले चाकू, ज्यांचे मोजमाप आणि सफाई जगात कुणाच्याही बरोबरीची आहे. पहिल्याचा राग दुसऱ्यावर काढणे अन्याय आहे.

प्रती ओळखण्याची जागा पिव्होट आहे. सेबेन्झात पिव्होटभोवती एक नळी असते, आणि तिची लांबी वॉशर आणि पाते यांच्या जाडीशी इतकी नेमकी घासलेली असते, की स्क्रू पूर्ण घट्ट केला तरी पाते मोकळे फिरते. बाहेरून प्रत अगदी बरोबर दिसते, पण स्क्रू घट्ट केला की पाते जाम होते, सैल केला की हलते. एका तरुणाने जुन्या बाजारातून चांगले पैसे देऊन असा एक चाकू आणला होता. स्क्रू अर्धा वेढा फिरवताच खरे कळले. त्याला सांगताना कारागिराला फार वाईट वाटले, कारण त्याने ते पैसे साठवून घेतले होते. अशी प्रत विकणे ही फसवणूक आहे. तिला उसनवारी म्हणणे म्हणजे वॉकर, रीव्ह आणि हिंडरर यांच्यातल्या खऱ्या देण्याघेण्याचा अपमान.

चाकूप्रेमींत या बाबतीत दोन टोकाची मते ऐकू येतात. एका बाजूला, ज्याने पहिल्यांदा केले त्याचेच, बाकी सगळे चोर. दुसऱ्या बाजूला, नवे असे काहीच नसते, म्हणून काहीही घ्यावे. पहिले मत मानले तर सेबेन्झाही चोरी ठरेल, कारण त्याचा खटका वॉकर यांच्या खटक्यावर उभा आहे, आणि वॉकर यांचा १९०६ सालच्या कल्पनेवर. दुसरे मानले तर मॅकहेन्री आणि विल्यम्स यांनी आपला खटका पेटीत बंद ठेवलेला बरा होता. पेटंट चालू असेल तर परवाना घ्यावा, संपले असेल तर सुधारून घ्यावे, आणि दोन्ही वेळा नाव घ्यावे. स्पायडरको आपल्या चाकूंच्या माहितीत बाहेरच्या आरेखकांची नावे नियमाने देते. हे सगळ्यांना जमण्यासारखे आहे.

शेवटी, प्रत्यक्ष निवडीसाठी तीन चाकूंची तुलना करायची तर निर्णय कामावर ठरतो. रोजच्या कापण्यासाठी स्पायडरको पॅरामिलिटरी २ सर्वांत सरस. २०१० साली आलेला हा चाकू हलका आहे, पाते मागून पातळ आहे, आणि त्याचा कॉम्प्रेशन लॉक हा खटका मिटताना बोटे पात्याच्या वाटेत येऊ देत नाही. किंमतही तिघांत कमी. हातमोजे घालून, थंडीत, दणकट काम करणाऱ्याने हिंडररचा एक्सएम-१८ घ्यावा, पण घेतल्यावर धार मागून पातळ करून घ्यावी. दीर्घकाळ ठेवायचा आणि स्वतःच्या हाताने सांभाळायचा असेल तर सेबेन्झा. काही कारखाने चाकू उघडला की हमी काढून घेतात. सेबेन्झाचे निर्माते मालकाने तो स्वतः उघडून साफ करावा असे सांगतात आणि त्यासाठीची किल्ली खोक्यातच देतात.